कृष्णधवल करताना कुंकू पुसले जाणे आणि साडीचा काठ हरवणे : कारणे आणि दुरुस्ती

दिवाळी अंकाचे मुखपृष्ठ कितीही रंगीत असले, तरी लहान अंकांची आतली पाने आजही बहुतेक वेळा एकाच काळ्या शाईत छापली जातात. लेखकांकडून येणारी छायाचित्रे मात्र जवळजवळ सगळीच रंगीत असतात. त्यामुळे गणपतीच्या सुमारास मांडणीला सुरुवात झाली, की ही छायाचित्रे एकामागून एक कृष्णधवल करण्याचे काम माझ्याकडे येते आणि त्याबरोबर दरवर्षी त्याच तक्रारीही येतात. मूळ छायाचित्र चांगले उठावदार असते, पण कृष्णधवल केल्यावर ते राखेसारखे दिसते. हिरव्या साडीचा लाल काठ दिसेनासा होतो. भगवी पताका आभाळात विरून जाते. चेहरा थोडा उजळ करायला जावे, तर कपाळावरचे कुंकू नाहीसे होते.

या शेवटच्या तक्रारीकडे मी पूर्वी पुरेशा गांभीर्याने पाहत नव्हते. काही वर्षांपूर्वी एका अंकात एका वृद्ध गायिकेवरचा लेख होता. सोबतच्या छायाचित्रात चेहरा सावलीत होता, म्हणून मी फोटोशॉपमधला ‘रेड फिल्टर’ हा तयार पर्याय लावला. चेहरा एकदम उजळला, सुरकुत्या मऊ झाल्या आणि मला ते छायाचित्र फार आवडले. अंक प्रसिद्ध झाल्यावर त्यांच्या घरून दूरध्वनी आला. त्यांचे यजमान हयात होते आणि छापलेल्या छायाचित्रात त्यांच्या कपाळावर कुंकू नव्हते. दोष कॅमेऱ्याचा नव्हता आणि छापखान्याचाही नव्हता; तो माझ्या हातून घडला होता. ते कुंकू कुठे गेले हे मी तेव्हाच नीट शोधले आणि शोधताना लक्षात आले, की काठ हरवणे, पताका विरणे आणि कुंकू पुसले जाणे या तिन्ही अडचणींचे मूळ एकच आहे.

रंग निघून गेल्यावर उरते काय?

रंगीत छायाचित्रातला प्रत्येक बिंदू लाल, हिरवा आणि निळा अशा तीन आकड्यांनी साठवलेला असतो. नेहमीच्या जेपेग फाइलमध्ये यातला प्रत्येक आकडा ० ते २५५ यांच्या दरम्यान असतो. कृष्णधवल करणे म्हणजे या तीन आकड्यांचा मिळून एकच आकडा करणे (० म्हणजे काळा, २५५ म्हणजे पांढरा). हे करताना माहितीचा दोनतृतीयांश भाग टाकून द्यावा लागतो आणि काय ठेवायचे व काय टाकायचे हे कोणीतरी ठरवावे लागते. आपण ठरवले नाही, तर सॉफ्टवेअर एका ठरावीक सूत्राने ठरवते. त्या सूत्राला काठ कोणता आणि पदर कोणता हे कळण्याचा काही मार्ग नसतो.

एक उदाहरण आकड्यांनिशी पाहू. गडद हिरव्या नऊवारीचा रंग लाल ०, हिरवा ११०, निळा ६० असा धरू. तिच्या लाल काठाचा रंग १९०, २०, ४० असा धरू. जेपेगमध्ये उजळपणा मोजण्यासाठी वापरले जाणारे सूत्र लालाला २९.९ टक्के, हिरव्याला ५८.७ टक्के आणि निळ्याला ११.४ टक्के वजन देते. या सूत्राने साडीचा आकडा ७१ येतो आणि काठाचा ७३. डोळ्यांना इतके विरोधी दिसणारे दोन रंग कागदावर एकच होतात. माणसाचा डोळा हिरव्या प्रकाशाला सर्वांत जास्त आणि निळ्याला सर्वांत कमी प्रतिसाद देतो, म्हणून वजने अशी ठरवलेली आहेत. सूत्रात चूक काहीच नाही. मात्र डोळा लाल काठ ओळखतो तो त्याच्या उजळपणावरून नव्हे, तर त्याच्या रंगावरून, आणि नेमकी तीच गोष्ट आपण काढून टाकलेली असते.

हाय डेफिनिशन दूरचित्रवाणीसाठी ठरवलेले सूत्र वापरले, तर वजने साधारण २१, ७२ आणि ७ टक्के होतात. मग तीच साडी ८३ वर येते आणि काठ ५८ वर. म्हणजे काठ साडीपेक्षा गडद दिसतो. फोटोशॉपमधली ‘डीसॅच्युरेट’ ही आज्ञा तिसरीच पद्धत वापरते. ती तीन आकड्यांपैकी सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान आकडा घेऊन त्यांची सरासरी काढते. तिच्यात साडी ५५ वर उतरते आणि काठ १०५ वर, म्हणजे काठ साडीपेक्षा उजळ! एकच छायाचित्र दोन सॉफ्टवेअरमध्ये किंवा एकाच सॉफ्टवेअरच्या दोन आज्ञांमध्ये वेगळे का दिसते, हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो. त्याचे उत्तर हेच आहे. यांपैकी एकच खरे आणि बाकीची खोटी असे नाही. काठ उजळ दिसावा की गडद, हे छायाचित्र पाहून आपल्यालाच ठरवायचे असते.

‘डीसॅच्युरेट’ मात्र मी कोणालाही सुचवणार नाही. या पद्धतीत शुद्ध लाल, शुद्ध हिरवा आणि शुद्ध निळा हे तिन्ही रंग नेमक्या एकाच मधल्या करड्या छटेवर येतात. वरच्या उदाहरणात काठ वेगळा दिसला तो योगायोगाने. त्याच पद्धतीत भगवी पताका (२५५, १५३, ५१) १५३ वर आणि मागचे निळे आभाळ (११०, १६०, २१०) १६० वर येते आणि वारीचे छायाचित्र मरगळलेले दिसते.

कॉन्ट्रास्ट वाढवून हे का सुटत नाही

छायाचित्र करडे दिसले, की बहुतेकांचा हात आधी कॉन्ट्रास्टकडे जातो. माझाही बरीच वर्षे जात असे. कॉन्ट्रास्ट वाढवणे म्हणजे आकड्यांमधले अंतर ताणणे. पण ७१ आणि ७३ यांच्यात मुळात अंतरच दोनाचे आहे. १२८ हा मध्य धरून हे अंतर दुप्पट ताणले, तर साडी १४ वर जाते आणि काठ १८ वर. अंतर दोनाचे चार झाले, पण दोन्ही जवळजवळ काळे झाले. साडीच्या निऱ्यांमधला उरलासुरला तपशील त्या काळ्यात बुडाला आणि चेहऱ्याचा उजळ भाग भाजल्यासारखा पांढरा पडला. कर्व्हज (उजळ-गडद छटा वक्ररेषेने बदलणारे साधन) वापरून काम अधिक नाजूकपणे करता येते, पण अडचण तीच राहते : एकदा एकाच करड्या छटेवर आलेले दोन रंग कोणत्याही कर्व्हने वेगळे होत नाहीत. ते वेगळे करायचे असतील, तर रंग शिल्लक असतानाच, म्हणजे रूपांतराच्या पायरीवरच, ते करावे लागते.

त्यामुळे लेखकांना माझी आग्रहाची विनंती असते, की छायाचित्र फोनमधल्या फिल्टरने आधीच कृष्णधवल करून पाठवू नये. हेतू चांगला असतो, पण त्यानंतर माझ्या हातात काहीच उरत नाही. फक्त मास्क काढून, म्हणजे हवा तेवढाच भाग निवडून, एकेक भाग हाताने उजळ किंवा गडद करणे एवढेच करता येते. कॅमेऱ्यावर ‘मोनोक्रोम’ ठेवून छायाचित्र काढले असेल, तर जेपेगमधला रंग गेलेला असतो. रॉ फाइलमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेल्या, प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्ये, मात्र तो तसाच असतो. अशा वेळी रॉ फाइल मागवावी.

रूपांतर कसे करावे

आधी पांढऱ्याचा तोल (व्हाइट बॅलन्स) पाहावा. ही पायरी अनेक जण वगळतात, कारण रंग काढायचाच आहे तर त्याचा तोल कशाला, असे त्यांना वाटते. लग्नाच्या मांडवात पिवळ्या दिव्यांखाली काढलेल्या छायाचित्रात चेहरा, भिंत, पांढरे सोवळे आणि झेंडूची माळ हे सगळे पिवळ्या-नारिंगी रंगांत जमा झालेले असते. रंगानुसार छटा बदलणाऱ्या साधनाला मग वेगळे करण्यासारखे काही सापडत नाही, कारण ‘येलो’ हलवला की सगळेच हलते. सोवळे पांढरे दिसेल इतका तोल आधी सुधारला, की बाकीचे रंग आपापल्या जागी परत येतात आणि पुढचे काम निम्मे होते.

फोटोशॉपमध्ये काम ‘ब्लॅक अँड व्हाइट’ या ॲडजस्टमेंट लेयरने, म्हणजे मूळ छायाचित्राला हात न लावता वरून बदल करणाऱ्या थराने, करावे. तो २००७ साली आलेल्या सीएस३ आवृत्तीपासून उपलब्ध आहे. त्यात सहा स्लायडर असतात आणि सुरुवातीला रेड ४०, येलो ६०, ग्रीन ४०, सायन ६०, ब्लू २० आणि मजेंटा ८० असे आकडे असतात. रेड आणि ग्रीन दोन्ही ४० वर आहेत, हे लक्षात घ्यावे. सारख्याच तीव्रतेचे शुद्ध लाल आणि शुद्ध हिरवे या मांडणीत सारख्याच करड्या छटेत उतरतात. म्हणून लाल-हिरव्याची जोडी असलेल्या छायाचित्रात हे दोन स्लायडर सर्वांत आधी एकमेकांपासून दूर न्यावेत. याच पॅनेलमध्ये बोटाचे चिन्ह असते. ते निवडून छायाचित्रातल्या साडीवर दाबून धरले आणि माउस उजवीकडे नेला, की त्या ठिकाणी प्रबळ असलेला रंग उजळतो; डावीकडे नेला की गडद होतो. कोणता रंग नेमका कोणत्या स्लायडरमध्ये मोडतो, हे डोळ्यांनी ओळखणे कठीण असते. बाटलीसारखा हिरवा पुष्कळदा अर्धा ‘सायन’मध्ये मोडतो आणि डाळिंबी लाल ‘मजेंटा’कडे झुकलेला असतो. या साधनाने ते आपोआप कळते.

लाइटरूम या सॉफ्टवेअरमध्ये सहाऐवजी आठ स्लायडर आहेत, कारण तिथे ऑरेंज आणि पर्पल स्वतंत्र दिलेले आहेत. चेहऱ्यांच्या छायाचित्रांसाठी हा फरक फार मोलाचा आहे. त्याचे कारण पुढे येते.

गिंप या सॉफ्टवेअरमध्ये दोन वाटा आहेत. ‘कलर्स’ मेन्यूतल्या ‘डीसॅच्युरेट’मध्ये ल्युमिनन्स, ल्युमा, लाइटनेस, ॲव्हरेज आणि व्हॅल्यू असे पर्याय मिळतात. ते एकेक करून पाहिले, तर पाच वेगवेगळी कृष्णधवल चित्रे समोर येतात आणि शिकण्यासाठी हा उत्तम मार्ग आहे. प्रत्यक्ष कामासाठी मात्र त्याच उपमेन्यूतला ‘मोनो मिक्सर’ वापरावा. त्यात लाल, हिरवा आणि निळा या तीन चॅनलांचे प्रमाण आपण स्वतः ठरवतो. तिन्हींची बेरीज १ च्या आसपास ठेवली, की एकूण उजळपणा सांभाळला जातो. डार्कटेबल हे सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनी ‘कलर कॅलिब्रेशन’ या मॉड्यूलमधला ‘ग्रे’ हा भाग उघडावा. तत्त्व तेच आहे.

संगणक हाताशी नसेल, तर फोनवरच्या स्नॅपसीडमध्ये ‘ब्लॅक अँड व्हाइट’ या साधनात रंगीत फिल्टर निवडता येतो. साडी आणि कुंकू दोन्ही असलेल्या छायाचित्राला हिरवा फिल्टर लावून पाहावा.

चेहरा आणि कुंकू

आपल्याकडच्या बहुतेक चेहऱ्यांची त्वचा छायाचित्रात नारिंगी पट्ट्यात असते. उदाहरणासाठी तिचा रंग १९०, १३०, १०० धरू आणि कुंकवाचा १७०, २०, ४०. जेपेगच्या सूत्राने त्वचा १४५ च्या आसपास आणि कुंकू ६७ वर येते, म्हणजे कुंकू स्पष्ट दिसते. आता फक्त लाल चॅनल पाहा : त्वचा १९० आणि कुंकू १७०. चेहरा उजळला खरा, पण कुंकू त्याच्याबरोबरच उजळले आणि त्वचेत मिसळले. लाल फिल्टरचा कोणताही तयार पर्याय थोड्याफार फरकाने हेच करतो. ओठांचा रंगही याच कारणाने उडतो आणि चेहरा आजारी दिसू लागतो. कृष्णधवल व्यक्तिचित्रांसाठी लाल किंवा नारिंगी फिल्टर चांगला, हा सल्ला अनेक ठिकाणी वाचायला मिळतो. त्वचेवरचे डाग आणि सुरकुत्या त्याने मऊ होतात हे खरे आहे. पण ज्या चेहऱ्यावर कुंकू किंवा गुलाल आहे, त्या चेहऱ्याला तो सल्ला लागू पडत नाही.

आजीच्या किंवा पणजीच्या काळातील स्टुडिओत काढलेली छायाचित्रे ज्यांच्या घरी आहेत, त्यांना आठवेल, की त्यांत कुंकू काळेभोर दिसते. त्या काळी छायाचित्रणासाठी वापरल्या जाणाऱ्या रसायन लावलेल्या काचा आणि फिल्म लाल प्रकाशाला फार कमी किंवा मुळीच प्रतिसाद देत नसत. सुरुवातीच्या काचांना तर फक्त निळा आणि त्यापलीकडचा प्रकाश दिसे. १८७३ साली हेरमान फोगेल या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने रंगद्रव्य मिसळून काचेला हिरव्या प्रकाशाचीही जाणीव देता येते हे शोधले. त्यातून पुढे ज्याला ऑर्थोक्रोमॅटिक म्हणतात ती फिल्म आली. लाल प्रकाशाला मात्र ती आंधळीच राहिली. कृष्णधवल छायाचित्रातले कुंकू काळे असते, ही आपल्या डोळ्यांना लागलेली सवय तिथून आलेली आहे. आज छायाचित्रात कुंकू गडद ठेवणे हे त्या परंपरेला धरून आहे आणि वाचकालाही ते लगेच उमगते.

म्हणून चेहरा उजळ करायचा असेल, तर ‘रेड’ वाढवू नये. लाइटरूममध्ये ‘ऑरेंज’ वाढवावा आणि ‘रेड’ खाली आणावा. त्वचा पहिल्यात आणि कुंकू दुसऱ्यात मोडते, त्यामुळे दोन्ही कामे स्वतंत्रपणे होतात. फोटोशॉपच्या लेयरमध्ये ‘ऑरेंज’ नसल्यामुळे त्वचा ‘रेड’ आणि ‘येलो’ यांच्यात विभागलेली असते. तिथे ‘रेड’ १० ते २० पर्यंत खाली आणून ‘येलो’ ९० च्या आसपास वर न्यावा. त्वचेतला पिवळा अंश तिला उजळ ठेवतो आणि कुंकवात तो अंश नसल्यामुळे ते गडदच राहते. हे आकडे केवळ सुरुवातीचे आहेत. प्रत्येक चेहऱ्याला ते थोडे हलवावे लागतात.

दोन शेजारी स्लायडर मात्र एकमेकांपासून फार लांब नेऊ नयेत. गालावर त्वचा नारिंगीकडून लालसर होत जाते. ‘रेड’ अगदी तळाला आणि ‘ऑरेंज’ अगदी वर नेला, तर जिथे एका रंगाची हद्द संपून दुसऱ्याची सुरू होते, तिथे गालावर काळपट डाग उमटतात. असे डाग दिसू लागले, की दोन्ही स्लायडर मधोमध आणावेत आणि कुंकवापुरता एक छोटासा मास्क काढून तेवढाच भाग गडद करावा. त्याला पाच मिनिटे लागतात आणि ती खर्च करावीत, असे मला मनापासून वाटते.

आता काठ आणि कुंकू दोन्ही एकाच छायाचित्रात असतील, तर काय करावे? लग्नातल्या किंवा मंगळागौरीच्या छायाचित्रांत हे हमखास असते. मोनो मिक्सरमध्ये लाल ०.२, हिरवा ०.८ आणि निळा ० ठेवून पाहा. वरच्याच आकड्यांवर हिशेब केला, तर त्वचा १४२, कुंकू ५०, काठ ५४ आणि साडी ८८ येते. काठ साडीवर गडद दिसतो, कुंकू त्वचेवर गडद दिसते आणि चेहऱ्याचा उजळपणा जवळपास होता तेवढाच राहतो. हिरव्या चॅनलवर एवढा भर दिल्याने त्वचेवरचे डाग आणि डोळ्यांखालची वर्तुळे अधिक उठतात, ही त्याची किंमत आहे. वयस्कर व्यक्तीच्या छायाचित्रात मी लाल ०.३ पर्यंत वाढवते आणि काठाचा बराचसा उठाव सोडून देते.

हळदीच्या छायाचित्रांबद्दल एक वेगळी सूचना. पिवळ्या रंगात निळा अंश फार थोडा असतो. म्हणून निळ्या फिल्टरचा किंवा जुन्या काळच्या फिल्मची नक्कल करणारा तयार पर्याय लावला, तर हळद लावलेला चेहरा काजळी फासल्यासारखा काळा होतो. जेजुरीच्या भंडाऱ्याच्या छायाचित्रांतही हेच घडते आणि उधळलेला भंडारा धुरासारखा दिसतो. अशा छायाचित्रांत निळ्याचे प्रमाण शून्य ठेवून ‘येलो’ वाढवावा.

आभाळ काळे करताना येणारे डाग आणि पट्टे

भगव्या पताकेची अडचण सोडवायला सोपी आहे. मोनो मिक्सरमध्ये लाल ०.६, हिरवा ०.४ आणि निळा ० ठेवला, तर वर घेतलेली पताका २१४ वर आणि आभाळ १३० वर येते. पताका लख्ख उजळते आणि ढग आभाळातून सुटे होतात. या निकालावर खूश होऊन बरेच जण ‘ब्लू’ स्लायडर थेट तळाला नेतात आणि मग नवी तक्रार घेऊन येतात : आभाळात वाळू सांडल्यासारखे कण दिसतात, चौकोनी ठिगळे दिसतात आणि पताकेच्या कडेने पांढरी रेघ उमटते.

कणांचे कारण सेन्सरमध्ये आहे. बहुतेक कॅमेऱ्यांच्या सेन्सरवर निम्मे बिंदू हिरवा प्रकाश टिपतात आणि लाल व निळा टिपणारे बिंदू प्रत्येकी एक चतुर्थांशच असतात. शिवाय निळ्या चॅनलचा संकेत तोल साधण्यासाठी पुष्कळदा वाढवावा लागतो आणि त्याबरोबर त्यातला गोंधळही (नॉइज) वाढतो. ठिगळांचे कारण जेपेगमध्ये आहे. जेपेग उजळपणा पूर्ण तपशिलाने साठवते, पण रंगाची माहिती बहुतेक वेळा आडव्या आणि उभ्या दोन्ही दिशांना निम्म्या तपशिलानेच साठवते आणि तीही ८ गुणिले ८ बिंदूंच्या चौकोनांत दाबून. रंगीत छायाचित्रात हे डोळ्यांना जाणवत नाही. पण आपण रंगावरून छटा ठरवू लागलो, की ती अर्धवट माहितीच उजळपणा होऊन समोर येते.

उपाय असे, की शक्य असेल तर रॉ फाइलवरून काम करावे. तिच्यात प्रत्येक बिंदूसाठी १२ किंवा १४ बिट असतात, म्हणजे २५६ ऐवजी ४,०९६ किंवा १६,३८४ पायऱ्या मिळतात. रूपांतर १६ बिटमध्ये करावे. जेपेगच हाती असेल, तर आधी फक्त रंगातला गोंधळ कमी करणारी नॉइज रिडक्शन चालवावी, ‘ब्लू’ उणे २० च्या खाली नेऊ नये आणि आभाळ आणखी गडद हवे असेल, तर मास्क काढून कर्व्हने करावे. क्षितिजाजवळ आभाळ सायनकडे झुकलेले असते, म्हणून ‘सायन’ आणि ‘ब्लू’ बरोबरीने हलवावेत. नाहीतर आभाळात आडवा पट्टा दिसतो. एवढे करूनही पट्टे राहिले, तर सर्वांत शेवटी अगदी हलके दाणे घालावेत. छपाईत ते दिसत नाहीत, पण पट्टे मोडतात.

व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवलेले छायाचित्र पुन्हा एकदा दाबले जाते, म्हणून ते ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगावे. एवढ्या एका सूचनेने आमच्याकडची ठिगळांची तक्रार बरीच कमी झाली.

छापून आल्यावर बिघडणे

पडद्यावर सगळे उत्तम दिसते आणि छापील पानावर ते फिके किंवा काळवंडलेले येते, अशी तक्रार असेल, तर ती रूपांतरानंतरच्या पायऱ्यांमधली आहे.

छायाचित्र फिके येण्याचे एक कारण असे, की करडे दिसणारे छायाचित्र फाइलच्या दृष्टीने अजून रंगीतच असते. छपाईसाठी त्याचे चार शायांमध्ये विभाजन झाले, की करडी छटा निळसर, किरमिजी, पिवळी आणि काळी अशा चारही शायांमध्ये वाटली जाते. पान एकाच काळ्या शाईत छापायचे असल्याने त्यातली फक्त काळी प्लेट वापरली जाते आणि बाकीच्या तीन प्लेटांवर गेलेला गडदपणा हरवतो. म्हणून सगळे काम झाल्यावर मूळ फाइल जपून ठेवून तिच्या प्रतीचा ‘मोड’ ग्रेस्केल करावा. फोटोशॉपमध्ये हे करताना ॲडजस्टमेंट लेयर टाकून दिले जातील असा इशारा येतो. घाईत ‘ओके’ दाबले, तर काळजीने हलवलेले सगळे स्लायडर निघून जातात आणि सॉफ्टवेअर पुन्हा आपल्याच सूत्राने रूपांतर करते. काठ पुन्हा हरवतो आणि ते छापून येईपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही. तिथे ‘फ्लॅटन’ निवडावे.

छायाचित्र काळवंडण्याचे कारण कागद आहे. साध्या, न चकाकणाऱ्या कागदावर शाईचा ठिपका पसरतो. ‘डॉट गेन २० टक्के’ या ग्रेस्केल प्रोफाइलचा अर्थ असा, की ५० टक्क्यांचा ठिपका छापल्यावर सुमारे ७० टक्क्यांसारखा दिसतो. आपल्या छापखान्याला कोणते प्रोफाइल हवे आहे हे आधी विचारून तेच निवडावे. चेहऱ्याच्या सावल्या पडद्यावर योग्य वाटतात त्याहून थोड्या उजळ ठेवाव्यात आणि पडद्याचा उजळपणा इतका कमी करावा, की शेजारी धरलेला पांढरा कागद आणि पडद्यावरचा पांढरा भाग सारखे दिसतील. झगझगीत पडद्यावर केलेले काम कागदावर हमखास काळे येते.

पानांची पीडीएफ तयार झाली, की ॲक्रोबॅट प्रोच्या ‘आउटपुट प्रीव्ह्यू’मध्ये किंवा इनडिझाइनच्या ‘सेपरेशन्स प्रीव्ह्यू’मध्ये काळी प्लेट बंद करून पाहावी. आतल्या पानांवरची सगळी छायाचित्रे त्या क्षणी पूर्ण नाहीशी झाली पाहिजेत. एखाद्याची पुसट सावली उरली, तर त्या फाइलचा ‘मोड’ बदलायचा राहून गेला आहे. त्यानंतर छापखान्यातून कागदावरचे प्रूफ येते. ते खिडकीपाशी उजेडात धरून मी रंगीत मूळ छायाचित्र शेजारी ठेवते आणि एकेक पान पाहते : कपाळ, ओठ, काठ, पताका. त्या वृद्ध गायिकेचे छायाचित्र पुढच्या वर्षीच्या अंकात, कुंकवासह, पुन्हा छापले. त्या वेळी प्रूफ छापखान्याला परत करण्याआधी मी ते त्यांच्या घरी नेऊन दाखवले होते.